सूर्यभानच्या गोधडीचा चौथा कोपरा

खरा फोटो तुम्ही फेटाळला आणि खोटा पास केला. हे तोंडावर सांगितलेलं तुम्हाला आवडणार नाही, पण कुणीतरी सांगायलाच पाहिजे. पंख्याखाली बसून, पडद्यावर एकामागून एक फोटो सरकवत, तुम्ही चाळीस वर्षं शिवणाऱ्या हाताला एका ओळीत निकालात काढलंत. गोधडी हातात घेतली नाही, उलटून बघितली नाही, जिनं शिवली तिला एक फोन केला नाही. तुमची नावंसुद्धा तुम्ही कुठं छापत नाही. खाली नुसतं लिहिता, 'निवड समिती'. तर समितीनं आता जरा मांडी घालून बसावं आणि काय झालं ते पहिल्यापासून ऐकावं. शेवटी एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायचं आहे.

सोनाळवाडी पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. दिवाळी झाली की अर्ध्या गावाला कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर निघतात. कडूबाई असे एकोणतीस हंगाम गेली. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि कारखान्याच्या दारात रांगेला गाडी उभी राहिली की मांडीवर गोधडी घ्यायची. रांग कधी चार तासांची, कधी दीड दिवसाची. बाकीचे झोपायचे, नाहीतर पत्ते कुटायचे. कडूबाई धावदोरा घालायची. तिची सून धनश्री म्हणते, "आमच्या आत्याबाईंचा टाका कारखान्याच्या रांगेत शिकलाय, म्हणून त्याला घाई माहीतच नाही."

धनश्री बारावी झालेली. गावातले पीकविम्याचे, रेशनचे, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज तिच्याच मोबाईलवरून जातात. गुडघे गेले तेव्हा कडूबाईनं हंगामाला जायचं सोडलं आणि गावातल्या पाच बायका धरून गोधड्या शिवायला बसली. गोधड्या शिर्डीला एका दुकानात जात. एकदा धनश्री दर्शनाला गेली, तर त्या दुकानात घरचीच गोधडी टांगलेली दिसली. वर चिठ्ठी होती, 'जयपुरी हस्तकला'.

"शेठ, ही पाथर्डीची हाय," ती म्हणाली.

"ताई, मला माहीत हाय," दुकानदार म्हणाला. "पण पाथर्डी म्हणलं की गिऱ्हाईक पुढं जातं."

ते वाक्य घेऊन ती एसटीत बसली आणि घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. पुण्यात दरवर्षी दहा दिवसांचं मोठं हस्तकला प्रदर्शन भरतं. त्यात एक स्टॉल पाहिजे, आणि स्टॉलवर पाटी पाहिजे: कडूबाई सूर्यभान गर्जे, सोनाळवाडी. बस. जयपूर नको, शिर्डी नको. जिचं काम तिचं नाव.

तो स्टॉल मागून मिळत नाही. अर्ज करायचा, पाच कामांचे पाच फोटो लावायचे, शिवाय मांडलेल्या स्टॉलचा एक फोटो. फोटो बघून समिती ठरवते.

"मांडलेल्या स्टॉलचा?" आदिनाथ म्हणाला. आदिनाथ म्हणजे धनश्रीचा नवरा, उसाच्या ट्रॅक्टरवर चालक. हंगाम संपवून नुकताच घरी आला होता. "आगं, स्टॉल मिळावा म्हनून अर्ज, आन अर्जाला स्टॉलचाच फोटू? लगीन ठरवायला बारशाचा फोटू मागितल्यागत झालं की हे!"

"तू ट्रॉली धुऊन आन," कडूबाई म्हणाली. "स्टॉल हुतोय."

आणि झाला. मारुतीच्या पारापुढं ट्रॉली उभी केली, तिन्ही बाजूंच्या फळ्या पाडल्या, चार कोपऱ्यांना चार बांबू बांधले, वर लग्नाच्या मांडवाचं पांढरं कापड ताणलं. गोधड्या कुठं लावायच्या ते कडूबाईनं खाली खुर्चीवर बसून सांगितलं. गडद खाली, फिकी वर. बारीक कामाची छातीच्या उंचीला. "मानूस आदी हात लावतं, मंग बगतं," ती म्हणाली. "हाताला जी लागंल ती सगळ्यात चांगली पायजे." प्रदर्शनाच्या मांडणीवर तुम्ही लोक तीन-तीन दिवसांच्या कार्यशाळा घेता. तिनं ते दोन वाक्यांत उरकलं.

एकेका गोधडीचा फोटो काढायला मात्र दम निघाला. लिंबाला दोरी बांधून गोधडी टांगली तर वाऱ्यानं पोट काढलं. खाली टोकांना दगड बांधले तर शेळी येऊन दगड हुंगायला लागली. नियमात लिहिलं होतं, छायाचित्रात व्यक्ती नको. प्रत्येक फोटोत मदतीला आलेल्या बायकांपैकी कुणाचा तरी पाय येत होता.

"पाय काढा, मामी!" धनश्री त्यातल्या एकीला ओरडली.

"पाय कुटं काढून ठिवू? म्हातारपनी त्येवढंच राह्यलंत."

पाच गोधड्यांचे पाच फोटो झाले. आता समितीनं नीट ऐकावं, कारण तुमचं चुकलं ते इथं.

कडूबाईच्या गोधडीचे तीन कोपरे बंद असतात. चौथा वीतभर मोकळा असतो आणि त्यात दोरा ओवलेली सुई टोचून ठेवलेली असते. हे तिला तिच्या आईनं, राहीबाईनं शिकवलं. गोधडी ज्याची, त्यानं शेजारी बसून शेवटचा टाका स्वतःच्या हातानं घालायचा. मग कडूबाई गाठ मारणार आणि गोधडी त्याची होणार. तान्ह्या लेकराची असली तर त्याचं बोट सुईला लावून घेतात. टाका न घालता पांघरली तर दुसऱ्याचं पांघरूण अंगावर घेतल्यासारखं, असं त्यांच्यात मानतात. शिर्डीचा दुकानदार तो कोपरा मशीन मारून बंद करून घेई. कडूबाईला ते कळलं त्या दिवशी ती जेवली नव्हती.

पाचवी गोधडी तिनं स्वतः पत्र्याच्या पेटीतून काढून आणली. सूर्यभानची. सूर्यभान म्हणजे तिचा नवरा. त्याची जुनी धोतरं आत, वर त्याच्या गुलाबी पटक्याच्या पट्ट्या, निळ्या रेघांच्या सदऱ्याचे चौकोन, कडेला तिच्या स्वतःच्या लुगड्याचा काठ. टाके असे, की मोजायला गेलं तर डोळा हरतो. अकरा वर्षांपूर्वी हंगामावर असतानाच त्यानं ताप अंगावर काढला आणि गेला. गोधडी तेव्हा पुरी होत आली होती. चौथा कोपरा त्याच्यासाठी ठेवला होता. तो तसाच राहिला. दर दिवाळीला कडूबाई पेटी उघडते, गंजलेली सुई काढते आणि नवी सुई लावते.

"आत्याबाई, ही द्यायची फोटोला?" धनश्रीनं विचारलं.

"इकायची थोडीच हाय? चांगलं काम दाखवा म्हनत्यात ना? माजं चांगलं काम हेच हाय."

अर्ज गेला. सतराव्या दिवशी उत्तर आलं. 'अपूर्ण काम. सफाईचा अभाव. सुधारित छायाचित्रांसह दुसऱ्या फेरीत अर्ज करता येईल.'

धनश्रीनं दोनदा वाचून दाखवलं. तिला रडू येत होतं. कडूबाई मात्र हसायला लागली.

"अपूर्न म्हंजी अर्धवटच ना? मंग बरोबर लिवलंय की. घेनारा आल्याबिगर ती पुरी कशी व्हईल? त्यांना म्हनावं, या, टाका घाला, पुरी हुती."

धनश्रीनं फोन लावला. तुमच्या ऑफिसातल्या एक मॅडम बोलल्या.

"समितीचा निर्णय आहे."

"समितीत कोण असतं?"

"ते सांगता येत नाही."

"मॅडम, तो कोपरा मुद्दाम मोकळा ठेवलाय. आमच्यात पद्धत आहे. अर्जात सांगायला जागाच नव्हती."

"पद्धत वगैरे ठीक आहे हो. पण निवड छायाचित्रावरून होते. फोटोत दोरा लोंबताना दिसतोय."

"गोधडी घेऊन पुण्याला येऊ का? हातात घेऊन बघा एकदा."

"वस्तू बघत नाही आम्ही. फोटो पाठवा, चांगले काढून."

वस्तू बघत नाही आम्ही. हे तुमच्या माणसाचं वाक्य आहे, आमचं नाही. लिहून ठेवा.

चांगले फोटो म्हणजे केदार. केडगावात पुणे रोडला त्याचा स्टुडिओ आहे. धनश्रीच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले होते. शहरातला माणूस, पण बोलायला गोड. आदिनाथनं एका मित्राचा टेम्पो घेतला, पाच गोधड्या चादरीत बांधल्या, आणि तिघं दुपारी बाराला स्टुडिओत हजर झाले.

केदारनं पांढरा पडदा सोडला, दोन छत्र्या लावल्या, दिवे पेटवले, आणि दहा मिनिटांत फोटो काढून स्क्रीनवर दाखवले. रंग झकास आले होते. कडूबाई जवळ गेली, बघितलं, आणि मागं सरली.

"ह्यो बेडशीटचा फोटू हाय."

"मावशी, पंधरा वर्षं करतोय मी हे काम," केदार हसून म्हणाला, पण त्याला लागलं होतं.

"मंग मला टाका दाखव. कुटं हाय टाका?"

केदारनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. टाके होते, पण छापल्यासारखे, सपाट. समोरून पडलेल्या दिव्यानं सगळं लिंपून टाकलं होतं.

"टाका बगायचा तर ऊन आडवं पायजे," कडूबाई म्हणाली. "मी रोज सकाळच्या उन्हात हात फिरवून बगते. नाय तर सांच्याला. डोक्यावर ऊन आसलं की चांगला आन वाईट टाका सारकाच दिसतो."

केदारनं परत एकदा स्क्रीनवरच्या फोटोकडं बघितलं. मग त्यानं दिवे बंद केले. "थांबा संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला. "गच्ची आहे वर."

सहा वाजता पाचही गोधड्या गच्चीच्या भिंतीवर एकापाठोपाठ एक टांगल्या. ऊन पश्चिमेकडून घासत आलं आणि गोधडी उठून उभी राहिली. प्रत्येक टाक्याला तांदळाच्या दाण्याएवढी सावली. नांगरलेल्या शेतासारख्या ओळी. केदार कॅमेऱ्याला डोळा लावून बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

"गुलाबी जरा जादा येतोय," कडूबाई मागून म्हणाली. "त्यांचा पटका आसा नव्हता. जरा विटलेला हुता. विटलेलाच दिसू दी."

"हो, मावशी." या वेळी तो हसला नाही. बटणं फिरवून त्यानं रंग तिला दाखवला, तिनं मान हलवली, मगच फोटो काढला.

इथपर्यंत सगळं खरं होतं. खोटं पुढच्या अर्ध्या तासात झालं, आणि त्यात धनश्रीचा हात होता. तिला यातून सोडवायचा विचार इथं कुणाचा नाही.

कडूबाई आणि आदिनाथ खाली रसवंतीवर गेले होते. ("उभा जल्म ऊस तोडला, रस पयल्यांदाच इकत घेतीय," असं कडूबाई रसवंतीवाल्याला म्हणाली म्हणे, आणि त्यानं तिला दुसरा ग्लास तसाच दिला.) वर केदार संगणकावर फोटो नीट करत होता. त्यानं पहिल्या गोधडीचा चौथा कोपरा मोठा केला.

"वहिनी, हा दोरा कसला? सुई पण आहे."

धनश्रीनं सांगितलं. पद्धत सांगितली, राहीबाई सांगितली, समितीचं उत्तरही सांगितलं.

"चांगली आहे पद्धत," केदार म्हणाला. "पण वहिनी, परत तेच लिहून पाठवतील. एका फोटोला त्यांच्याकडं किती सेकंद असतात, माहितीये? हा कोपरा मी बंद करून देतो. दोन मिनिटांचं काम."

"म्हणजे?"

"म्हणजे फोटोत. गोधडीला कोण हात लावतंय? लग्नात मी काय काय पुसतो सांगू का? मुरूम, वायरी, वाढप्याच्या बादल्या. एकदा तर आख्खा मामा पुसलाय. घरच्यांनीच सांगितलं होतं."

धनश्री हसली नाही. तिनं जिन्याकडं बघितलं. खालून आत्याबाईंचा आवाज येत होता. मग तिला तो दुकानदार आठवला, गिऱ्हाईक पुढं जातं म्हणणारा.

"करा," ती म्हणाली.

केदारनं तिसऱ्या कोपऱ्याचे टाके उचलले आणि चौथ्या कोपऱ्यावर ठेवले. दोरा गेला, सुई गेली. एक, दोन, तीन, चार. पाचवी सूर्यभानची आली तेव्हा धनश्रीचा हात त्याला थांबवायला पुढं झाला होता. पण चार बंद आणि एक उघडी, हे आणखी वाईट दिसलं असतं. तिनं हात मागं घेतला. अर्जाच्या शेवटी एक चौकट होती, 'छायाचित्रांत कोणताही फेरफार केलेला नाही.' त्या चौकटीत तिनं टिक केली.

आणि तुमचं उत्तर काय आलं? 'उत्कृष्ट सफाई. निवड झाल्याचे कळविण्यात आनंद होत आहे.'

गावात ही बातमी कशी फिरली ते विचारू नका. त्या पाच बायकांनी पारावर फुगड्या घातल्या. कडूबाईनं पाटीवर नाव कसं लिहायचं ते धनश्रीकडून कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद देवळीत ठेवला. आदिनाथला तेवढ्यानं भागेना. त्यानं धनश्रीच्या मोबाईलमधून फोटो घेतला आणि कुणाला न विचारता पाथर्डीहून दहा फुटी फ्लेक्स करून आणला. एका बाजूला कडूबाई हात जोडून, मधे 'हार्दिक अभिनंदन', खाली पंचवीस शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग, आणि मागं फ्लेक्सभर पसरलेली सूर्यभानची गोधडी. सकाळी एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला आणि आईला दाखवायला म्हणून तो तिला हाताला धरून घेऊन गेला. मागून धनश्री गेली. तिला फ्लेक्सवर कुठली गोधडी घेतलीय हे माहीत नव्हतं. लांबूनच दिसलं आणि ती दोघांच्या मागंच थांबली.

कडूबाईनं आधी स्वतःचा फोटो बघितला. "तोंड केवडं क्येलंय," ती म्हणाली आणि हसली. मग तिची नजर मागच्या गोधडीवर गेली. वरून खाली, ओळीओळीनं, जशी ती रोज बघते तशी. आणि खाली उजव्या हाताला, जिथं वीतभर जागा मोकळी असायला पाहिजे होती, तिथं येऊन थांबली. फोटो एवढा मोठा होता, की एकेक टाका करंगळीच्या नखाएवढा दिसत होता.

ती पुढं गेली. फ्लेक्सच्या त्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"ह्यांचा टाका कुनी घातला?"

आदिनाथला कळेना. "आई, फोटू हाय तो."

"मला दिसतंय फोटू हाय. टाका कुनी घातला?"

स्टँडवरची माणसं बघायला लागली. धनश्री पुढं आली. घरी जाऊन सांगू, असा विचार तिच्या मनात आला होता. पण स्टँडवर झालेलं स्टँडवरच सांगितलं पाहिजे, असंही वाटलं.

"मी घालायला लावला, आत्याबाई. संगणकावर. पाचही गोधड्यांना. परत अपूर्ण म्हणले असते म्हणून."

कडूबाईनं फ्लेक्सवरचा हात काढला. ओरडली असती तर धनश्रीला बरं वाटलं असतं.

"पयला फोटू गेला तवा काय लिवलं हुतं त्यांनी?"

"सफाईचा अभाव."

"आन आता?"

"उत्कृष्ट सफाई."

"म्हंजी माजं काम नापास आन तुज्या केदारचं पास," कडूबाई म्हणाली. "मंग पाटीवर त्याचं नाव लिव. माजं कशाला?"

"आई, जाऊ दी ना आता," आदिनाथ आवाज खाली घेऊन म्हणाला. "स्टॉल मिळालाय. तिथं गोधडी कोन उलटून बगतंय? कुनाला कळनार बी न्हाई."

"तुज्या बापाला कळंल की."

कडूबाईनं हात पुढं केला. "कोयता आन ट्रॅक्टरातला."

"आगं, काय करती?"

"आन म्हनते ना."

आदिनाथनं पारापाशी उभ्या ट्रॅक्टरातून कोयता आणला. उसाच्या बुडख्यावर एकोणतीस हंगाम चाललेला हात होता तो. तिनं फ्लेक्सचा खालचा उजवा कोपरा डाव्या हातात धरला आणि एका घावात वीतभर चौकोन काढून टाकला. शुभेच्छुकांच्या रांगेतले शेवटचे दोघं त्यात गेले. त्यातला एक तिथंच चहा पीत उभा होता.

"कडूमावशी, मी गेलो की!"

"तू उद्या परत छापून घे," कडूबाई म्हणाली. "ह्यांचं परत छापता येत न्हाई."

मग ती धनश्रीकडं वळली. "चल घरी. अर्ज काड."

"कसला, आत्याबाई?"

"तुजाच. खोटं तू लिवलंस, खरं बी तूच लिवनार. माजं शिक्षन न्हाई."

धनश्रीनं केदारला फोन केला आणि मूळ फोटो मागितले. तो काकुळतीला आला. "वहिनी, स्वतःच्या हातानं निवड रद्द करून घेताय. ते काय म्हणतील, माहितीये? फेरफार केला, अर्ज बाद, पुढची पाच वर्षं बंदी."

"म्हणू द्या," धनश्री म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "तुम्ही काढलेला खरा फोटो खोट्यापेक्षा चांगला आहे, दादा. तुम्हाला पण माहीत आहे ते."

मग केदार म्हणाला, "आहे खरा. पाठवतो. आणि वहिनी, पुसायच्या आधी मूळ फोटोतून कोपऱ्याचा वेगळा क्लोजअप पण काढून ठेवला होता मी. मुद्दामच. तो पण लावा."

तो क्लोजअप आला. सूर्यभानच्या गोधडीचा चौथा कोपरा, आडवं ऊन, विटका गुलाबी पटका, सुईची लांब सावली आणि दोऱ्याचं मोकळं टोक. कडूबाईनं मोबाईल हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"हां," ती म्हणाली. "ही पुरी गोधडी."

पत्र धनश्रीनं लिहिलं. मधे-मधे कडूबाई सांगत होती आणि धनश्री ते शुद्ध करून लिहीत होती. एका ठिकाणी कडूबाईनं फार वाईट शब्द वापरला. तिथं धनश्रीनं 'निष्काळजीपणा' असं लिहिलं. पत्र तुमच्याकडं पोचलं आहे, पोच आमच्याकडं आहे. तरी आम्ही गावकरी ते इथं पुन्हा देतो, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला नको.

'निवड समितीस,

दुसऱ्या फेरीत तुम्ही निवडलेल्या आमच्या अर्जातले पाचही गोधड्यांचे फोटो खोटे आहेत. प्रत्येकात चौथा कोपरा संगणकावर बंद केला आहे. फेरफार केला नाही असं मी टिक करून दिलं, ते खोटं होतं. तो दोष माझा, कडूबाई गर्जे यांचा नाही. त्यांना ते माहीत नव्हतं. कळल्याबरोबर त्यांनी हे पत्र लिहायला लावलं.

खरे फोटो सोबत जोडले आहेत. त्याच गोधड्या, तोच दिवस, तेच ऊन. फरक फक्त कोपऱ्याचा. आमच्यात शेवटचा टाका गोधडी घेणारा घालतो. तो घालेपर्यंत कोपरा मोकळा आणि सुई जागेवर. ही आमच्या कामाची रीत आहे. घाईत राहून गेलेली चूक नाही. पुण्याच्या स्टॉलवर आम्ही एकही कोपरा बंद करून आणणार नाही. जो गोधडी घेईल त्याच्यासाठी स्टूल ठेवू. बसायचं, टाका घालायचा, मग न्यायची. चार गोधड्यांचा टाका तुमच्यापैकी कुणी घातला तरी चालेल. पाचवीचा नाही. ती फक्त बघायला ठेवू.

फेरफारासाठी स्टॉल काढून घ्यायचा असेल तर घ्या. आम्ही पुढच्या वर्षी याच फोटोंवर पुन्हा अर्ज करू, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पण निर्णय घेण्याआधी एक सांगा. पहिल्या वेळी गोधडी जशी होती तशी दाखवली, तेव्हा तुम्ही लिहिलं, सफाईचा अभाव. दुसऱ्या वेळी गोधडीत एक टाकासुद्धा बदलला नव्हता, तरी तुम्ही लिहिलं, उत्कृष्ट सफाई. मग दोन्ही वेळा तुम्ही तपासलं काय? आणि कोणती गोधडी निवडली, कडूबाईंनी शिवलेली की संगणकानं शिवलेली?

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. फोनवर नको. आणि उत्तराखाली "समिती" असं लिहू नका. आमच्या बाजूला खाली दोन नावं आहेत, एक सहीनं आणि एक अंगठ्यानं. तुमच्या बाजूला कुणाचं नाव आहे?'